वासुदेव बळवंत फडके आणि शिक्षेचे परिमाण

राजकीय हेतूने केलेल्या हिंसेस किती कडक शिक्षा असावी, हा प्रश्न निघाला म्हणजे आपल्याकडे प्रथम अपराध्याचा पक्ष पाहिला जातो आणि मग शिक्षेविषयीचे मत ठरते. अपराधी आपल्या विचाराचा असला की त्याच्या हेतूची थोरवी सांगावी, आणि तो विरुद्ध विचाराचा असला की फाशीही थोडी वाटावी, असा हा प्रकार आहे. करवीरकरांस याचा अनुभव नवा नाही. 16 फेब्रुवारी 2015 रोजी याच शहरात गोविंद पानसरे व त्यांच्या पत्नी सकाळी फिरून घरी परतत असता त्यांजवर गोळ्या झाडण्यात आल्या आणि 20 फेब्रुवारीस पानसरे निवर्तले. आरोपींचा दोष ठरविणे हे न्यायासनाचे काम असून त्यात आम्ही शिरू इच्छित नाही. परंतु विचारभेदापायी खून झाल्याचा आरोप असलेल्या अशा प्रकरणात जो मनुष्य हेतू ही सबब मानावयास तयार नाही, तोच मनुष्य दुसऱ्या प्रकरणात हेतूकडे बोट दाखवून दया मागतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. तराजू एकच असला पाहिजे. तो कसा असावा हे ठरविण्यास ज्या प्रकरणात रक्त अद्याप तापलेले आहे ते सोयीचे नाही. ज्यातील वादी, प्रतिवादी, न्यायाधीश व वकील सर्व कधीच काळाच्या पडद्याआड गेले, असे प्रकरण घ्यावे. म्हणून आम्ही आज वाचकांपुढे वासुदेव बळवंत फडके यांचे चरित्र ठेवीत आहो.

फडक्यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1845 रोजी पनवेलनजीक शिरढोण या गावी झाला. आजोबा कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. पेशवाई बुडून तेव्हा सत्तावीस वर्षे झाली होती, म्हणजे गेलेल्या राज्याच्या गोष्टी सांगणारी माणसे घरात अजून जिवंत होती. मुलाने थोडी इंग्रजी विद्या केली, मुंबईस किरकोळ नोकऱ्या केल्या आणि शेवटी पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून म्हणून तो स्थिरावला. त्या काळच्या शेकडो ब्राह्मण तरुणांची हीच वाट होती. आई अत्यवस्थ असल्याचे कळले तेव्हा रजेचा अर्ज केला, ती वेळेवर मिळाली नाही, आणि घरी पोहोचण्यापूर्वीच आई गेली. चरित्रकार या प्रसंगास फार महत्त्व देतात. आम्हांस तितके वाटत नाही. रजा न मिळाल्याने मनुष्य बंडखोर होत असता तर हिंदुस्थानातील सारी कचेरी बंडात गेली असती.

खरे कारण अधिक व्यापक होते. पुण्यात त्या वेळी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे देशी व्यापारावर व्याख्याने देत होते, 1870 साली स्थापन झालेली सार्वजनिक सभा सरकारकडे अर्ज करीत होती, आणि गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, ते स्वतः सूत कातून खादी वापरीत होते. फडके ही व्याख्याने ऐकत. पुढे ते स्वतःही गावोगाव व्याख्याने देऊ लागले. वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्या जोडीने त्यांनी पुण्यात जी शाळा काढली तिचीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत त्यांनी दांडपट्टा व नेमबाजी शिकून घेतली. म्हणजे एकाच मनुष्यात शाळाचालक, व्याख्याता, सरकारी कारकून आणि तालीमबाज असे चौघे नांदत होते. यांतील कोण पुढे येईल हे काळावर अवलंबून होते, आणि काळ फार वाईट आला.

1876 साली दख्खनेत पाऊस गेला. त्यापूर्वीच, 1875 च्या मे महिन्यात, भीमथडी तालुक्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळून दंगे केले होते. त्या दंग्यांची सरकारी चौकशीही झाली होती. त्यावर हा दुष्काळ. त्या वेळी हिंदुस्थान सरकारने खर्चाच्या काटकसरीसाठी सर रिचर्ड टेंपल यांस पाठविले आणि त्यांनी दुष्काळी कामावरील धडधाकट पुरुषाची मजुरी दिवसास एक पौंड धान्य व वर थोडीशी रोकड इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे आजच्या मापाने साडेचारशे ग्रॅम. खडी फोडणाऱ्या मनुष्याने त्यावर दिवस काढावा, अशी ती योजना होती. मुंबई इलाख्यातील हजारो मजूर ती नाकारून कामावरून उठून गेले. तेच टेंपलसाहेब 1877 साली मुंबईचे गव्हर्नर झाले. फडके या सुमारास खेडोपाडी फिरले. त्यांनी जे पाहिले त्यातून त्यांच्या मनाने असा निष्कर्ष काढला की अर्जांनी काही होणार नाही आणि सरकार उलथल्यावाचून लोक जगणार नाहीत.

रानड्यांनी व सार्वजनिक सभेने तीच दैना पाहिली, तिचे आकडे जमविले, आणि ते वेगळ्या निष्कर्षास आले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. दुःख तेच असूनही मार्ग निवडणारा मनुष्य निराळा असतो. म्हणून मार्गाची जबाबदारी त्याच्यावर राहते. फडक्यांनी ती कधी नाकारली नाही.

उच्चवर्णीय सुशिक्षितांपैकी फारच थोडे त्यांच्यामागे गेले. गेले ते रामोशी, कोळी, धनगर. 23 फेब्रुवारी 1879 रोजी शिरूर तालुक्यातील धामारी गावी एका सावकाराच्या घरावर पहिला दरोडा पडला. त्यानंतर पुणे व आसपासच्या मुलखात दरोड्यांची मालिकाच लागली. पैसा जमवावा, त्यातून माणसे ठेवावी, तारा तोडाव्या, तुरुंग फोडावे आणि मुलखात बंड पेटवावे, असा बेत होता. येथे आम्हांस आपल्या व्यापारी वाचकांशी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. देशभक्तांच्या चरित्रांत या दरोड्यांचे वर्णन असे येते की जणू लुटला गेलेला मनुष्य हा मनुष्यच नव्हता. धामारीचा सावकार व्याज कसे घेत असेल ते घेवो. रात्री शस्त्रे घेऊन लोक त्याच्या दारात उभे राहिले तेव्हा त्याच्या घरातील बायकामुलांस जी भीती वाटली असेल ती गुजरीतील अगर लक्ष्मीपुरीतील कोणत्याही घरास वाटेल तीच होती. हेतू थोर म्हणून भीती कमी होत नाही. तेव्हा हा अपराध होता, आणि अपराधास शिक्षा व्हावयास हवीच होती, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

स्वतः फडक्यांच्या मनातही पुढे शंका उत्पन्न झाली, ती मात्र दुसऱ्या प्रकारची. आपल्या माणसांस लुटीत जितका रस आहे तितका राज्यात नाही, हे त्यांस दिसून आले. आपल्या रोजनिशीत त्यांनी ही निराशा लिहून ठेविली आहे. ते सर्व सोडून श्रीशैल मल्लिकार्जुनास गेले. तेथे देह ठेवावा असाही विचार त्यांच्या मनात आला. पण तो टळला आणि रोहिल्यांची भरती करण्याच्या खटपटीस ते लागले. इकडे त्यांचा साथीदार दौलतराव नाईक याने मे 1879 मध्ये कोकणात उतरून पनवेलजवळ पळस्पे व चिखली येथे मोठी लूट केली. घाटावर परतताना मेजर डॅनिएल यांच्या तुकडीने त्यास गाठले आणि तो गोळीबारात ठार झाला. फडक्यांच्या नावाने पोस्टाचे तिकीट 1984 साली निघाले आणि मुंबईत धोबी तलावाच्या चौकास त्यांचे नाव आहे. ज्या रामोशांनी मृत्यू व तुरुंग वाट्यास घेतले त्यांची नावे मात्र सरकारी दप्तरांत दरोडेखोर म्हणूनच राहिली. हेतूची थोरवी मोजण्याचे काम आपला समाजही जात पाहून करतो, असे यावरून कोणी म्हटल्यास आम्हांस उत्तर देता येणार नाही.

याच मे महिन्यात फडक्यांचा जाहीरनामा निघाला. रयतेस काम द्यावे, कर कमी करावे, बड्या युरोपियन अंमलदारांचे पगार उतरवावे, नाही तर सरकारास परिणाम भोगावे लागतील, असा त्याचा आशय होता. सरकारने त्यांस धरून देण्यास बक्षीस लावले, तेव्हा त्यांनी उलट गव्हर्नराच्या शिरावर बक्षीस लावले. हे धाडस असेल. परंतु एका मनुष्याच्या खुनास दिलेले ते उघड उत्तेजन होते हेही खरे. जाहीरनाम्याची बातमी लंडनपर्यंत गेली. आणि मग 13 मे 1879 च्या रात्री पुण्यात बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा या दोन्ही वाड्यांस आग लागली. सरकारी कचेऱ्या, पुस्तकागार, शाळा जळाल्या. संशय अर्थात बंडवाल्यांवर गेला. पुढे उघडकीस आले ते असे की, सरकारी पुस्तकागारातील एका नोकराने आपली अफरातफर झाकण्यासाठी ही आग लावली होती. परंतु तोपर्यंत भीतीने आपले काम केले होते. रानड्यांसारख्या सरळ, कायदेनिष्ठ न्यायाधीशाची त्याच मे महिन्यात धुळ्यास बदली झाली आणि त्यांच्या टपालावर पाळत बसली. अर्ज लिहिणारा आणि बंदूक धरणारा यांतील भेद घाबरलेल्या सरकारास दिसेनासा होतो. आणि त्याच डोळ्यांनी ते मग शिक्षेकडे पाहते.

1879 च्या जुलैत तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यात, आज कर्नाटकाच्या विजयपूर जिल्ह्यात असलेल्या देवर नावदगी गावी, तापाने खंगलेले फडके झोपेत असता मेजर डॅनिएल आणि निजामाच्या पोलिसांतील अब्दुल हक यांनी त्यांस पकडले. पुण्यास आणून सेशन्स कोर्टापुढे खटला चालला. आरोपीचे वकीलपत्र घेण्यास लोक धजत नव्हते, तेव्हा सार्वजनिक काका पुढे झाले. ज्यांनी आयुष्यभर सनदशीर मार्गाचा आग्रह धरिला त्या मनुष्याने बंडवाल्याची वकिली करावी, यात विसंगती नव्हती. वकिलाच्या धंद्याची ती परीक्षा होती आणि काका तीत उतरले. दुसऱ्याच वर्षी, 1880 च्या जुलैत, ते वारले.

आता कायद्याकडे येऊ. पिनल कोडाच्या 395 व्या कलमाखाली दरोड्यास जन्मठेप काळे पाणी किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी अशी शिक्षा होती. 121 व्या कलमाखाली, म्हणजे सरकाराविरुद्ध युद्ध पुकारल्याबद्दल, फाशी किंवा जन्मठेप काळे पाणी, आणि वर सर्व मालमत्तेची जप्ती. दरोडे शाबीत करण्यास साक्षीदार होते. युद्ध शाबीत करण्यास मुख्य आधार कोणता, तर आरोपीच्या हातचे आत्मवृत्त व रोजनिशी. म्हणजे लोक ज्यास फडक्यांच्या अपराधाची सौम्यता म्हणतात, तो देशाचा हेतू, त्यानेच कायद्याच्या दृष्टीने अपराध गंभीर केला. हीच माणसे, हीच हत्यारे, हीच लूट असून फडक्यांच्या मनात केवळ पोट असते, तर दहा वर्षांची शक्यता त्यांस मोकळी होती. मनात देश होता म्हणून ती जवळजवळ बंद झाली. शिक्षा झाली ती जन्मठेप काळ्या पाण्याची.

या ठिकाणी आमचे मत वाचकांपुढे स्वच्छ ठेवितो. राजकीय हेतू हा शिक्षेच्या पारड्यात दोन्ही बाजूंनी टाकू नये. दरोड्यास दरोड्याची, खुनास खुनाची शिक्षा द्यावी. हेतू थोर म्हणून तीतून सूट देऊ नये, आणि हेतू सरकारास अप्रिय म्हणून तीत भरही घालू नये. कृत्याने किती लोकांस किती इजा झाली हे मोजता येते. सरकारास किती भीती वाटली हे माप मात्र रबराचे आहे. शिवाय शिक्षा कितीही लांब असली तरी तिच्या शेवटी एखादे दार असले पाहिजे, कारण राजकीय अपराध्याचे मत हे त्याच्या अपराधाचे मूळ असते आणि मत बदलू शकते. चोराची सवय सुटणे कठीण. विचारी मनुष्याचा विचार पालटणे त्या मानाने सोपे, पण त्यास पालटण्यापुरते आयुष्य हवे.

हे बोलणे हवेतले नाही. फडक्यांच्याच पिढीचा एक मनुष्य आयर्लंडात होता. मायकेल डॅव्हिट 1846 साली, म्हणजे फडक्यांच्या पुढल्याच वर्षी जन्मला. शेतकरी कुटुंब जमिनीवरून हुसकले गेले, ते पोटासाठी इंग्लंडात लँकाशायरास आले, आणि अकरा वर्षांच्या या मुलाचा हात कापसाच्या गिरणीत तुटला. मोठेपणी तो इंग्रजी राज्य शस्त्रांनी उलथू पाहणाऱ्या फेनियन मंडळीत शिरला आणि बंदुका पुरविण्याच्या आरोपावरून 1870 साली त्यास पंधरा वर्षांची सक्तमजुरी झाली. तुरुंगातील हाल त्यानेही सोसले. डार्टमूरचा तुरुंग काही दयेसाठी प्रसिद्ध नव्हता. परंतु शिक्षेस आकडा होता, आणि आयरिश कैद्यांस सोडावे म्हणून पार्लमेंटात व बाहेर बोलणारे लोक होते. 1871 साली ग्लॅडस्टनच्या सरकाराने कित्येक फेनियन कैदी देशाबाहेर जाण्याच्या अटीवर सोडले होते. डॅव्हिटासही 1877 च्या डिसेंबरात सशर्त मुक्तता मिळाली. सुटलेल्या डॅव्हिटाने काय केले? 1879 साली त्याने कुळांची लँड लीग उभी केली. पुण्याच्या कोर्टात फडक्यांचा खटला उभा होता त्याच ऑक्टोबर महिन्यात डब्लिनमध्ये ही राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. बंदुका पुरविणारा मनुष्य आता सभा, बहिष्कार व मतदान यांवर विसंबू लागला. 1882 साली डब्लिनच्या फीनिक्स पार्कात दोन बड्या अंमलदारांचे खून झाले तेव्हा त्याने त्यांचा उघड निषेध केला. पुढे तो पार्लमेंटात निवडून गेला. 1881 साली आयरिश कुळांस वाजवी खंडाचा कायदा मिळाला त्यात लँड लीगच्या चळवळीचा वाटा कोणीही नाकारीत नाही.

राणी एक, दशक एक, दुःखही एकच जातीचे, जमिनीचे व कर्जाचे. एकास मुदतीची कैद आणि सुटका. दुसऱ्यास समुद्रापारची कोठडी. फडक्यांस दहा वर्षांची शिक्षा झाली असती तर 1889 साली ते चव्वेचाळीस वर्षांचे होऊन बाहेर पडले असते. त्या वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेची पाचवी बैठक मुंबईस भरली होती. ते तिच्या मंडपात बसले असते की पुन्हा रानात गेले असते, हे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. परंतु ज्या मनुष्याने दरोड्यांच्या धामधुमीतच आपल्या मार्गाचे अपयश कागदावर मांडले, त्याच्या बाबतीत पहिली शक्यता क्षुल्लक मानण्यास आम्ही तयार नाही.

कोणी म्हणेल, डॅव्हिटास जी सवलत मिळाली तीमुळे आयर्लंडातील हिंसा थांबली का? थांबली नाही, हे खरे. पण मग दुसऱ्या बाजूचा हिशेबही पाहावा. कडक शिक्षेने पुण्यातील हिंसा थांबली का? 22 जून 1897 रोजी चापेकर बंधूंनी प्लेग कमिटीचा रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांजवर गोळ्या झाडल्या. तिघे भाऊ व त्यांचे मित्र महादेव रानडे फाशी गेले. 1909 च्या जूनमध्ये नाशिकास गणेश दामोदर सावरकर यांस कविता छापल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फडक्यांस दरोडे घालून जी झाली तीच, यांस नुसते छापून. त्याच वर्षी 21 डिसेंबरास नाशिकच्या विजयानंद नाटकगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे याने खून केला आणि त्या खुनाच्या कारणांत या शिक्षेचा सूड हे एक ठळक कारण होते. अठरा वर्षांचा तो मुलगा पुढील एप्रिलात ठाण्यास फासावर गेला. शब्दास आणि शस्त्रास एकच शिक्षा ठेविली, तर शब्दवाल्यास शस्त्र न धरण्याचे एक कारण कमी होते. जॅक्सनसाहेब संस्कृताचे जाणते होते. खटला पुढे पाठविण्यापलीकडे शिक्षेच्या आकड्यात त्यांचा हात नव्हता. पण किंमत त्यांनी दिली.

आमच्या करवीरास तर या शिक्षांचे सर्व नमुने ठाऊक आहेत. 31 जुलै 1857 रोजी येथील सत्ताविसाव्या पलटणीने बंड केले. त्यानंतर छत्रपतींचे बंधू चिमासाहेब महाराज यांस उघड्या न्यायाधीशापुढे खटला न चालविता कराचीस नेऊन ठेविले आणि 1869 साली ते तेथेच वारले. उलटपक्षी 1882 साली कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या अब्रुनुकसानीबद्दल टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची साधी कैद झाली. तेथे अपराध शब्दांचा होता, शिक्षा ठराविक होती, आणि डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून दोघेही त्या वर्षीच्या ऑक्टोबरात बाहेर आले. पुढील तीनच वर्षांत डेक्कन एज्युकेशन सोसायटी व फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. शिक्षा योग्य होती असे आम्ही म्हणत नाही. पण तिला शेवट होता, आणि शेवटापलीकडे माणसे शिल्लक राहिली.

फडक्यांच्या खटल्याच्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे चरित्रकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. 1879 सालचा सतरावा कायदा, दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा, तो याच वर्षी मंजूर झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत कोर्टांनी कर्जरोख्यावर न थांबता देण्याघेण्याचा मूळ इतिहास तपासावा, कर्जापायी शेतकऱ्यास कैदेत टाकू नये, गावोगाव समेट घडविणारे नेमावे, असे त्यात होते. हा कायदा फडक्यांमुळे झाला असे कोणी म्हणेल तर ते चुकीचे होईल. त्याचे मूळ 1875 च्या दंग्यांच्या चौकशीत आहे. तरी सरकारने एका हाताने तक्रार खरी असल्याचे कबूल केले आणि दुसऱ्या हाताने तक्रारदारास जन्मभरासाठी नाहीसे केले, हे त्याच वर्षाच्या दप्तरात नमूद आहे.

आणि नाहीसे करणे हाच शब्द योग्य होय. काळ्या पाण्याचे कैदी सामान्यतः अंदमानास जात. तेथे निदान दुसरे कैदी, वसाहत, काम, काही वर्षांनी मोकळीक मिळण्याची आशा असे. फडक्यांस 1880 च्या जानेवारीत एडनास पाठविले. एडन तेव्हा मुंबई सरकारच्या अमलाखाली होते, म्हणून कागदोपत्री ते सोयीचे होते. पण त्या उजाड खडकावर मराठी बोलणारा मनुष्य मिळणे दुर्घट, उन्हाळा भयंकर आणि पाणी तुटपुंजे. न्यायाधीशाने दिलेल्या शिक्षेपेक्षा जागेची निवड अधिक कडक ठरली. शिक्षेचा हा भाग नेहमी कोर्टाबाहेर ठरतो आणि त्यावर अपील नसते. एके दिवशी फडक्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उचकटले आणि ते पळाले. परका मुलूख, परकी भाषा, पायांत त्राण नाही. थोड्याच वेळात ते पकडले गेले. त्यानंतर बंदोबस्त वाढला, त्यांनी अन्न टाकले, देह झिजत गेला, आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते तेथेच मरण पावले. न्यायाधीशाने फाशी दिली नव्हती. ती देण्याचा अधिकार असूनही दिली नव्हती, याचा अर्थ आरोपीने जगावे असे न्यायासनास वाटले होते. तुरुंगाने तो निकाल सव्वातीन वर्षांत फिरविला.

काळे पाणी हा शब्द 1955 च्या दुरुस्तीने आपल्या दंडविधानातून गेला आणि त्याच्या जागी जन्मठेप आली. 121 वे कलम मात्र स्वतंत्र भारतानेही ठेविले. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते 147 वे आहे आणि शिक्षा फाशीची किंवा जन्मठेपेची. राज्यास स्वतःचे रक्षण करण्याचा अधिकार आहे व लोकनियुक्त राज्यास तो अधिकच आहे. जेथे मत देता येते, सभा भरविता येते, तेथे पिस्तूल उचलणाऱ्याची सबब 1879 च्या मनुष्याच्या सबबीहून पुष्कळ दुबळी ठरते. म्हणून राजकीय खुन्यास सामान्य खुन्याहून एक दिवसही कमी शिक्षा मागण्यात आम्ही सामील होणार नाही, मग तो कोणत्याही झेंड्याखालचा असो. आमचे मागणे निराळे आहे.

फाशीस पात्र अपराधात जन्मठेप झालेल्या कैद्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या 475 व्या कलमान्वये चौदा वर्षे पुरी झाल्यावाचून सोडता येत नाही. ती मुदत आम्हांस मान्य आहे. परंतु चौदा वर्षांनंतर कोणास सोडावे आणि कोणास ठेवावे, हे सरकारे आपल्या सोयीने व कधी कधी निवडणुकीचे वारे पाहून ठरवितात, तेथे फडक्यांच्या जागेची निवड करणारी तीच जुनी अदृश्य लेखणी पुन्हा चालते. ही सुनावणी उघडी असावी, ज्यांचे माणूस गेले त्या कुटुंबास तीत बोलण्याचा अधिकार असावा, कैद्याची तुरुंगातील वर्तणूक व त्याचे बदललेले अगर न बदललेले मत यांची लेखी नोंद असावी, आणि नकाराची कारणेही लेखी असावीत. दुसरी गोष्ट, शिक्षेपूर्वीच्या शिक्षेची. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली जामीन मिळणे इतके कठीण आहे की निकाल लागेपर्यंतच आरोपीची वर्षे कच्च्या कैदेत जातात. तो दोषी ठरला तर ती वर्षे शिक्षेत धरता येतात, निर्दोष ठरला तर कोणी परत देत नाही. आणि उलट, विलंबापायी खरा अपराधी सुटला तर मृताच्या घरच्यांस काय सांगावयाचे? दोन्ही बाजूंचा अन्याय एकाच कारणाने होतो. फडक्यांस जुलैत धरले आणि वर्ष संपण्यापूर्वी त्यांचा निकाल झाला. परक्या सरकारची ही एक गोष्ट घेण्यासारखी होती.

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आमच्या शहरात बसू लागले. कित्येक वर्षांच्या खटपटीचे हे फळ आहे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग येथील जन्मठेपेची अपिले येथे चालतात, तेव्हा आमच्या वकील बंधूंनी एक काम अंगावर घ्यावे: या जिल्ह्यांतील ज्या कैद्यांची चौदा वर्षे भरली आहेत आणि ज्यांच्या अर्जास उत्तर मिळालेले नाही, त्यांची यादी करून ती न्यायालयापुढे ठेवावी. यादीत राजकीय कोण आणि बिगर-राजकीय कोण, असा रकाना ठेवू नये.